बिनराक्षसाचं पुस्तक

रंगनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी घनसावंगीहून निघालेल्या जीपमध्ये होतो. होतो म्हणजे माझं अर्धं अंग जीपमध्ये होतं, उरलेलं एका अनोळखी माणसाच्या मांडीवर, आणि माझ्या मांडीवर त्याचा बोकड. आत माणसं किती आहेत हे ड्रायव्हरलाही ठाऊक नव्हतं. तो बिचारा स्वतःच बाहेर लटकून गाडी हाकत होता. फोन कासिमभाईंचा. "बापू, रंगा गया," एवढंच म्हणाले आणि पुढं नुसता श्वास ऐकू येत राहिला... मी उतरायचं म्हणालो, तर कळलं की मधल्या माणसाला उतरायचं असेल तर आधी सगळ्यांना उतरावं लागतं. मग अख्खी जीप माझ्यासाठी खाली उतरली आणि उसाच्या कडेला गुमान उभी राहिली, बोकडासकट. रंगनाथला अशी मानवंदना मिळाली हे त्याला कळलं असतं, तर त्यानं त्या बोकडालाही नावं ठेवली असती.

तेराव्यानंतर व्यापाऱ्यांनी शोकसभा घेतली. मी मुद्दाम शेवटच्या खुर्चीवर बसलो, पुढं बसलो असतो तर हसू दिसलं असतं. एकेक जण उठून सांगत होता की रंगनाथराव मनमिळाऊ होते, मितभाषी होते, त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही. मितभाषी... आणि रंगनाथ! त्यानं आमच्या मस्तगड भागातल्या एका हॉटेलच्या चहाला एकदाच नावं ठेवली, तर हॉटेलवाल्यानं त्याच आठवड्यात धंदा बदलून पंक्चरचं दुकान टाकलं, आणि जालन्याला पहिल्यांदा चांगला पंक्चरवाला मिळाला. अक्षता टाकता टाकता नवरदेवाला 'सूट भाड्याचा दिसतो' असं सांगणारा माणूस म्हणे कुणाला दुखवत नव्हता. अध्यक्षांनी तर कळस केला. म्हणाले, त्यांना वाचनाची अफाट आवड होती. या अध्यक्षांना रंगनाथ 'हवा भरलेलं पोतं' म्हणायचा आणि मग पोत्याचा अपमान झाला म्हणून हळहळायचा. वाचनाची आवड कसली? त्या माणसानं उभ्या आयुष्यात एकच पुस्तक वाचलं. तेही असं, की ज्यांनी ते छापलं त्यांच्या देशात लोक त्यावर थुंकत होते.

ते पुस्तक आमच्याकडं आलं रंगनाथच्या मेहुण्यामुळं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर हा मेहुणा अमेरिकेत शिकायला गेला आणि पहिल्याच दिवाळीला असा परत आला, की जणू त्यानं तो देश खरेदी करून ठेवलाय. त्याच्या बॅगेत एका खेळाची पुस्तकं होती. खेळ असा, की चार माणसं बसतात. एक जण तोंडानं एक गाव, एक जग उभं करतो आणि बाकीचे त्या जगातले कुणीतरी होतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. आपलं माणूस काय करतं ते बोलून सांगायचं, जमलं की नाही ते फाशावर ठरवायचं. आमच्या टेंभुर्णीकडं देवीच्या उत्सवात सोंगं निघतात, तसलाच प्रकार. फक्त तोंडाला रंग न फासता, बसल्या जागी. मेहुण्यानं जाताना चांगली पुस्तकं आणि चित्रविचित्र कोनांचे फासे परत नेले आणि बॅगेचं वजन जास्त भरतं म्हणून एक पुस्तक मागं टाकलं. म्हणाला, "हे ठेवा तुम्ही दाजी. तिकडे याला कुणी हात लावत नाही. अख्ख्या पुस्तकात एक राक्षस नाही."

खरंच नव्हता. त्या पुस्तकात एक गाव होतं आणि ते गाव कसं चालतं एवढंच होतं. पाऊस चुकला तर काय, दोन वस्त्यांची एक विहीर असेल तर पाणी आधी कुणी भरायचं, लग्नात रुसलेल्या व्याह्याला कसं आणायचं, कुणाची जनावरं कुणाच्या पिकात शिरली तर पंचांनी कसं बसायचं. अमेरिकेतली पोरं तलवारी घेऊन बसली होती आणि त्यांच्या हातात हे पडलं! त्यांनी कपाळ बडवून घेतलं यात नवल नाही. आमचा घोटाळा वेगळा होता. हे पुस्तक म्हणजे मूळ खेळाची नुसती पुरवणी आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला वाटलं, हाच खेळ. लढाईचे नियम त्यात नव्हते, तेव्हा या खेळात लढाई नसते असं आम्ही धरून चाललो. फासे नव्हते, मग कवड्या घेतल्या. रंगनाथ डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक पान मराठीत सांगायचा आणि प्रत्येक पानाला लेखकाला शिव्या घालायचा. गाव तोंडानं उभं करायचं काम माझ्याकडं आलं, कारण जालना जिल्ह्यात न थांबता सलग चार तास खोटं बोलू शकणारा दुसरा माणूस नव्हता. मी बियाण्याच्या कंपनीचा फिरता विक्रेता, सराव होता. रंगनाथ झाला गावचा पाटील. कासिमभाई टेलर, ज्यांच्या मिशांवर दोन कावळे आरामात बसले असते, त्यांनी नावेवर पोट चालवणारी विधवा मागून घेतली आणि पुढची वीसेक वर्षं ती इतक्या ठसक्यात चालवली, की त्यांच्या घरच्यांना तिचा हेवा वाटायचा.

बाजार बंद असायचा त्या दुपारी आम्ही रंगनाथच्या दुकानामागच्या खोलीत, पाइपांच्या ढिगात बसायचो. मस्तगडात आमच्याबद्दल काय काय बोललं जायचं म्हणता! शेजारच्या किराणावाल्याच्या मते आम्ही जुगार खेळत होतो. एका प्राध्यापकांनी पुस्तक चाळून हा पोरकटपणा असल्याचा निकाल दिला. हे गृहस्थ स्वतः संध्याकाळी गल्लीत पतंग काटायचे. आणि सगळ्यात मोठा नाक मुरडणारा भिंतीपलीकडं बसलेला होता. तो म्हणजे रंगनाथचा थोरला भाऊ, नाना.

भिंत म्हणजे प्लायवूडची फळी. दुकान आधी एकच होतं, पंप आणि पाइपांचं, दोघा भावांचं. मेंढरं राखणाऱ्या आजोबांची ही नातवंडं. बाप शेतीत स्थिरावला, ही दोघं जालन्यात. मग बाप टेंभुर्णीला वारला. नाना तेव्हा माल आणायला हैदराबादला गेल्ता. येताना बस बंद पडली. उन्हाळ्याचे दिवस, गावातली म्हातारी माणसं घाई करायला लागली आणि थोरल्याचा मान असलेला अग्नी धाकट्यानं दिला. नाना पोचला तेव्हा धूर पण उरला नव्हता. तो एवढंच म्हणाला, "एवढी काय घाई व्हती?" दुसरा कुणी असता तर गळ्यात पडला असता. पण हा रंगनाथ. त्याच्या तोंडून निघालं, "तुझी वाट बघून बाप थकला, मी कोन?"

त्या दिवसापासून अबोला. अबोला म्हणजे आमच्याकडं नुसतं न बोलणं नसतं, ते एक व्रत असतं. दुकानात फळी उभी राहिली. दोघांचा माल एकाच ट्रकमधून यायचा आणि हमाल दोघांचे निरोप एकमेकांना सांगायचा. नानाचा हुंकार असला तरी तो हमालाच्या तोंडून हुंकार म्हणूनच पलीकडं जायचा. वहिन्या बोलायच्या, पोरं एका ताटात जेवायची, हे दोघं मात्र समोरासमोर आले की एकमेकांच्या पाठीमागची भिंत वाचायचे. रंगनाथ अख्ख्या गावाला नावं ठेवायचा, पण नानाबद्दल एक अक्षर बोलायचा नाही. त्यावरूनच मला कळलं की ह्याला हे आतून पोखरतंय.

एका दुपारी खेळात मेंढरांचा तंटा निघाला. शेतकऱ्यानं खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतली आणि कबूल केलेलं धान्य देईना. पाटील रंगनाथनं पुस्तकात बघून, वर आपली अक्कल लावून निवाडा दिला, की मेंढरं एका जागी आठवडाभर बसवली होती तेव्हा धान्य अर्धंच द्यावं. तोच फळीपलीकडून आवाज आला, "मेंढरं एका जागी आठवडाभर बसत न्हाईत. जाळ्यांचं वाडगं रोज सरकवावं लागतंय."

कासिमभाईंच्या हातातली कवडी तशीच राहिली. रंगनाथ छताकडं बघायला लागला. आता मला जन्मात पहिल्यांदा खोटं बोलण्याचा उपयोग झाला. मी म्हणालो, "पाटील, गावाच्या वेशीवर एक परका मेंढका येऊन उभा हाय. आत घ्यायचा का?" रंगनाथनं इतका वेळ घेतला, की तेवढ्यात कापूस पेरून वेचून झाला असता. मग पुस्तकाचं पान उलटत म्हणाला, "पुस्तकात लिहेल हाय, परक्याला पाणी इचारल्याशिवाय परत लावू नाही. येऊ द्या."

असा नाना खेळात आला. पहिले काही महिने तर तो फळीपलीकडूनच खेळला. त्याची कवडी टाकायला आमच्यातलं कुणीतरी उठून पलीकडं जायचं. पुढं एका दुपारी पाटलाची कवडी कशी पडली ह्यावरून त्याला आमचा संशय आला आणि संशयापोटी का होईना, तो फळीला वळसा घालून आत येऊन बसला. पण अबोला मोडला नाही बरं का! बोलत होता तो मेंढका, ऐकत होता तो पाटील. सोंग घेतलेल्या माणसाला आमच्याकडं कुणी त्याच्या खऱ्या नावानं हाक मारत नाही, त्याच्या बोलण्याचा त्याच्यावर ठपका येत नाही. ही जुनी रीत. त्या रितीच्या आडोशाला दोघं भाऊ दर आठवड्याला तासन् तास भांडायचे, हसायचे, एकमेकांच्या मुलांची लग्नं जमवायचे. कवड्या आवरल्या की नाना उठून फळीला वळसा घालायचा आणि पुन्हा भिंत वाचायला लागायचा.

मधल्या काळात मेहुणा पुन्हा आला. आता त्याच्याकडं ते मोठं, गाजलेलं पुस्तक होतं, कव्हरवर आग ओकणारा प्राणी. आम्ही अजून तेच पुस्तक खेळतो हे बघून तो इतका हसला, की वहिनीला वाटलं ठसका लागला. म्हणाला, तिकडे आता कॉम्प्युटरवर लोक याद्या करतात, सगळ्यात टाकाऊ पुस्तकांच्या, त्यात हे वर असतं. आणि मुळात हा खेळच नाही, ही पुरवणी आहे, ताटातलं लोणचं. रंगनाथ म्हणाला, "मंग आमचं इतक्या वर्षांचं जेवण लोणच्यावर झालं म्हणायचं. तुमचं ताट तर मांडा." मेहुण्यानं मांडलं. दुपारभर आम्ही एका गुहेत राक्षस कापत होतो. एक मेला की दुसरा यायचा. कासिमभाईंनी मेलेल्या राक्षसाच्या बायकापोरांचं आता कोण बघणार असं विचारलं, तर मेहुणा म्हणाला, ते या खेळात नसतं. नानानं विचारलं की गुहेत एवढे राक्षस राहतेत तर पाणी कुठून आणतेत, तर तेही नसतं. संध्याकाळी मेहुणा आमच्याकडून पंचावन्न राक्षस मारवून एकटाच खूश होऊन बसला होता, आणि आमच्यापैकी कुणाला पुढच्या वेळी त्या गुहेत काय झालं असेल याची तसूभर काळजी नव्हती. रंगनाथनं ते देखणं पुस्तक बंद करून परत दिलं. "छापलंय चांगलं," म्हणाला. "ज्यांच्या घरात भांडायला कुणी न्हाई, त्यांच्यासाठी बराबर हाय."

आता मूळ गोष्टीवर येतो. त्या टाकाऊ पुस्तकात तंट्यांच्या प्रकरणात एक नियम होता. पंचापुढं आलेल्यानं आपली बाजू मांडायच्या आधी समोरच्याची बाजू मांडायची. आणि समोरचा जोवर 'बराबर' म्हणत नाही, तोवर आपली बाजू काढायचीच नाही. हा नियम वाचून अमेरिकेतल्या पोरांना झोप लागली असेल. आमच्या खेळात मात्र या नियमानं विहिरी वाटल्या, बांध मिटवले. या दोघा भावांच्या तंट्यासाठी तो नियम मी बरीच वर्षं राखून ठेवला होता, आणि मेहुणा गेल्यानंतरच्या एका दुपारी बाहेर काढला. म्हणालो, वेशीबाहेरच्या वस्तीवर एक म्हातारा मेलाय. अग्नी धाकट्यानं दिला, थोरला नंतर आला. थोरल्याकडून मेंढका बोलेल, धाकट्याकडून पाटील. नाववाली विधवा पंच.

मला वाटलं नाना उठून जाईल. रंगनाथनं माझ्याकडं असं बघितलं, की मी पाइप असतो तर वाकलो असतो. पण सोंगातून मधेच उठायची रीत नाही. नानानं घसा साफ केला आणि धाकट्याची बाजू मांडायला लागला. म्हणाला, ऊन लई व्हतं, गावातल्या म्हाताऱ्यांनी घाई केली.

"न्हाई बराबर," रंगनाथ म्हणाला.

थोरल्याचा काही निरोप नव्हता, असं नाना म्हणाला. तेही बराबर नव्हतं. मग नाना खालमानेनं बोलला, "धाकट्यानं रातभर बापाचं डोकं मांडीवर घेतल्तं. ते मांडीवरच गार पडलं. थोरल्यावर राग म्हनून त्यानं घाई केली न्हाई. त्याच्याच्यानं बघवत नव्हतं."

रंगनाथ म्हणाला, "बराबर."

आता त्याची वेळ. थोरला म्हणजे बैल, वाट चुकलेला, अशी त्यानं सुरुवात केली. जन्माची खोड! नाना शांतपणे म्हणाला, न्हाई बराबर. रंगनाथनं कवड्या मुठीत घेतल्या, सोडल्या, परत घेतल्या. "थोरला बस बंद पडल्यावर ट्रकमधी बसला. ट्रकवाल्यानं भलतीकडंच सोडलं. मंग तो चालत आल्ता. पाय फुटले व्हते. धाकट्यानं ते पाय पाह्यले... पाह्यले, आन तरी तोंडाला आलं ते बोलला."

"बराबर," नाना म्हणाला.

पंच असलेल्या विधवेनं मिशांवरून ओघळणारं पाणी नसलेल्या पदराला पुसलं. "फैसला कल सुनाती हूँ," कासिमभाई म्हणाले. तो कल अजून उगवायचा आहे.

मला वाटलं, झालं, आता फळी निघणार. दुसऱ्या दिवशी मी सुताराला सोबत घेऊन दुकानावर गेलो, गाढव मी! नाना पलीकडं बसून भिंत वाचत होता. रंगनाथ अलीकडं. हमाल मधे उभा राहून दोघांचे निरोप सांगत होता. मी नानाला खुणेनंच विचारलं, हे काय? तो म्हणाला, "कालचं सोंगात बोललो." सुताराकडून शेवटी मी माझ्या घरचा पाट दुरुस्त करून घेतला.

त्यानंतरही आम्ही खेळत राहिलो, आणि फळीही तशीच राहिली, आणि रंगनाथच्या मूत्रपिंडांनी हळूहळू काम सोडलं. त्याला औरंगाबादच्या दवाखान्यात हलवलं तेव्हा नाना आमच्यासोबत आला. खोलीत शिरून भिंतीला टेकून उभा राहिला. मग मला म्हणाला, "बापू, डाव मांड." त्याला बोलायचं होतं आणि मेंढक्याशिवाय त्याला तोंड नव्हतं. मी म्हणालो, पुस्तक जालन्यात राहिलं, पण पुस्तक काय, मी असाच मांडतो... तर रंगनाथनं सुई टोचलेला हात वर केला. आवाज खोल गेल्ता, पण तिरकसपणा शाबूत. "त्याला म्हन, सोंग उतरून ये. मेंढक्याला भेटायची येळ न्हाई ही."

नाना बाहेर गेला. मला वाटलं हा आता स्टँड गाठतो. काचेतून मी बघत होतो. तो व्हरांड्यात उभा होता, टोपी काढून हातात घेतलेली. मग परत आत आला, पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, "रंगा, जेवला का?"

"दवाखान्याच्या खिचडीला जेवन म्हनतेत व्हय, नाना?"

मी आणि कासिमभाई खाली चहा प्यायला गेलो. चहा इतका भिकार होता, की रंगनाथनं त्यावर अध्याय रचला असता. आम्ही तो पुन्हा पुन्हा मागवून प्यायलो, पण वर गेलो नाही. नंतरचे मोजके दिवस दोघं काय बोलले ते मला माहीत नाही आणि मी, जो न घडलेलं रंगवून सांगतो, ते रंगवणारही नाही. पुढं मला कंपनीच्या कामाला घनसावंगीला जावं लागलं, आणि जीपमध्ये तो फोन आला.

आता रंगनाथची बाजू बंद असते. फळी मात्र कुणी काढली नाही. नाना काढू देत नाही. परवा दुपारी मी दुकानात गेलो तर आत बोलण्याचा आवाज येत होता. म्हटलं गिऱ्हाईक असेल. बघतो तर नाना एकटा, खुर्ची फळीकडं वळवून बसलेला, आणि फळीशी बोलून राह्यला होता. ह्या साली पंपाला उठाव न्हाई. अध्यक्षाला दम्यानं धरलंय, पोत्याची हवा चालली. थोरल्या पोरीला दिवस गेलेत. सगळं साध्या आवाजात, ओळीनं, जसं रोज घरी आलेला माणूस सांगतो. मी आत जाऊन बसलो. त्यानं फळीला विचारलं, कालव्यावरच्या मोटारीला दीड इंची पाइप लावू का दोन इंची? मला राहवलं नाही. रंगनाथ काय म्हणाला असता ते मला चांगलं माहीत होतं, आवाजही काढता येतो मला त्याचा. मी नुसतं तोंड उघडलं.

नानानं हात आडवा केला. "तू मधी पडू नको, बापू," म्हणाला. "इतकी वर्षं हितं बसून त्याचं ऐकलं. आता माझी बारी हाय."